वही आहे, मालक बदलला आहे

जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांत दिवाळीला आजही वहीपूजन होते. खरी वही मात्र संगणकात असते. विंडोज नव्याने घातल्यावर हिशेबाचे जुने फोल्डर कधीकधी उघडत नाही आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ उमटते. ‘डेटा गेला’ असे समजून डिस्क फॉरमॅट करणे, हीच खरी हानी. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. फोल्डरची मालकी बहुधा जुन्या वापरकर्त्याच्या नावे राहिलेली असते, इतकेच. लॉकरवर जुने नाव राहिले म्हणून आतला ऐवज नाहीसा होत नाही! प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा, ‘टेकओन’ आज्ञेने मालकी घ्यावी, नंतर ‘आयकॅकल्स’ने परवानगी द्यावी. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांना मात्र हात लावू नये. ‘पाथ’ सापडत नाही, असा संदेश आल्यास दोष निराळा. तेथे पत्ता तपासावा. फोल्डर उघडताच प्रथम पेन ड्राइव्हवर प्रत काढावी.