आधी नळ, मग दवाखाना

भंडारा जिल्ह्यातले कोका अभयारण्य, पवनी किंवा गोसेखुर्दचे धरण पाहायला निघालात, तर गाडीत साबणाची एक वडी असू द्या. कुत्रा, मांजर वा माकड चावले किंवा नखाने ओरखडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवा. घड्याळ समोर ठेवा. दोनच मिनिटांत 'झाले की' असे वाटू लागते. मग जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट अजिबात नको, आणि जखम घट्ट बांधूही नका.

मग थेट भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. त्वचेत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायची. 'शून्य' म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. सहल संपली तरी उरलेले डोस आपल्या गावी घेता येतात, फक्त कार्ड हरवू नका. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्यांना सहसा दोनच डोस पुरतात: 0 आणि 3 व्या दिवशी.

पोटातल्या 14 इंजेक्शनांची धास्ती मात्र सोडा. ती जुनी लस देशात 2005 च्या सुमारासच बंद झाली. 'कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवू, मग बघू' असे म्हणत लस लांबवू नका. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.