आप्तांच्या भेटीचा परवाना

लेकीच्या बाळंतपणासाठी आईने जावे, किंवा सेवानिवृत्त वडिलांनी चार महिने मुलाकडे काढावेत, यासाठी आपल्या देशात कोणाची अनुज्ञा लागत नाही. नागपूरची आई पुण्यास जाते, इंदूरचे वडील मुंबईस येतात. तिकीट काढले की झाले. परंतु तेच अपत्य अमेरिकेत राहत असेल, तर मायलेकरांच्या मध्ये एक परके राज्य उभे राहते. आणि त्या राज्याच्या दृष्टीने आई ही प्रथम परदेशी नागरिक असते, आई ती नंतर.

अमेरिकेचा स्थलांतर व नागरिकत्व यांविषयीचा कायदा १९५२ सालचा आहे. त्यातील २१४ (ब) या कलमाने एक विलक्षण गृहीत धरले आहे. पाहुणा म्हणून जाऊ इच्छिणारा मनुष्य कायमचा राहण्यासाठीच निघाला आहे, असे मानावयाचे. तसे नाही, ही अधिकाऱ्याची खात्री अर्जदाराने पटवावयाची. फौजदारी न्यायालयात आरोपी हा अपराध सिद्ध होईपर्यंत निर्दोष असतो. येथे सिद्धतेचा भार उलट बाजूस आहे.

आईबापांची अडचण यातूनच उद्भवते. ज्या मायेपोटी ती निघालेली असतात, तीच माया कायद्याला संशयास्पद वाटते. अर्ज भरून झाल्यावर दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबाद येथील अमेरिकी कचेरीत मुलाखत होते. ती बहुधा काही मिनिटांचीच असते. "तेथे किती दिवस राहणार?" या प्रश्नाला एखादी माउली सरळपणाने "लेक म्हणेल तोवर" असे उत्तर देते. घरात हे उत्तर गोड आहे. खिडकीपाशी ते घातक ठरू शकते. बाळंतपणाची अंदाजी तारीख, जाण्याचा महिना आणि परतण्याचा महिना एवढे स्पष्ट सांगता आले, तर प्रवासाचा हेतू अधिकाऱ्याच्या ध्यानी येतो.

परतण्याची खात्री एखाद्या कागदाने पटत नाही. घरदार, निवृत्तिवेतन, पती किंवा पत्नी, इकडे असलेली इतर मुले, पूर्वी परदेशी जाऊन वेळेवर परत आल्याची नोंद, या सर्वांचा एकत्र विचार होतो. मुलाने पाठविलेले आमंत्रणपत्र अनेकांना मोठा आधार वाटतो. पण निर्णय होतो तो अर्जदाराच्या स्वतःच्या परिस्थितीवर, मुलाने दिलेल्या हमीवर नव्हे. मात्र काही लपवून किंवा खोटे सांगून व्हिसा मिळविण्याचा यत्न उघडकीस आला, तर कायमची अपात्रता ओढवू शकते.

नकार मिळाल्यास त्यावर अपील नाही, भरलेले शुल्कही परत मिळत नाही. पुन्हा अर्ज करण्यास मात्र प्रत्यवाय नसतो. परिस्थिती बदलली असेल, किंवा पूर्वी ती नीट मांडली गेली नसेल, तर तसे करणे फलदायी ठरते. अनेक वृद्धांना हा नकार अपमानासारखा लागतो. वस्तुतः तो चारित्र्यावरचा अभिप्राय नसतो. कायद्याने धरलेले गृहीत खोडून निघाले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भारतीय पाहुण्यांना बहुधा दहा वर्षांचा व्हिसा मिळतो. त्याचा अर्थ दहा वर्षे राहता येते असा नव्हे. अमेरिकेत उतरल्यावर तेथील अधिकारी मुक्कामाची अखेरची तारीख ठरवितो, आणि ती सामान्यतः सहा महिन्यांच्या आत असते. अधिक राहणे आवश्यक झाल्यास त्या तारखेपूर्वीच अर्ज करावा लागतो. १९९६ च्या कायद्यान्वये १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जो परततो, त्याला ३ वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहणाऱ्याला १० वर्षे पुनःप्रवेशास बंदी होते. नातवाच्या पायात घोटाळलेल्या आजीला ही किंमत फार भारी पडते.

ज्यांना मुलांजवळच उरलेले आयुष्य घालवावयाचे आहे, त्यांच्यासाठी दुसरे दार आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाकाठी सुमारे १०० जागा मिळाल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने ही देशवार वाटणी मोडून कुटुंबाच्या एकत्रीकरणास प्राधान्य दिले. आज २१ वर्षे पूर्ण झालेला अमेरिकी नागरिक आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो, व त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ज्या मुलाला केवळ स्थायी रहिवासाचा हक्क आहे, त्याला मात्र तो अधिकार नाही. भावाबहिणींची गोष्ट आणखी कठीण. त्यांच्यासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० जागा, शिवाय देशागणिक मर्यादा; त्यामुळे भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. आपल्या कुटुंबाच्या कल्पनेत काका, मावशी, आत्या सहज मावतात. कायद्याच्या कुटुंबात त्यांना जागाच नाही.

या दारावर नाते सिद्ध करावे लागते. जुन्या पिढीतील अनेकांचे जन्म नोंदलेले नसतात. त्यातच लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपली चाल. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव आणि तिच्या पासपोर्टावर दुसरे, असे झाले की दोन्ही नावांची स्त्री एकच, हे शाळेचे दाखले, विवाहाचा दाखला व प्रतिज्ञापत्रे यांच्या साहाय्याने दाखवावे लागते. हे कागद आधीच गोळा करणे शहाणपणाचे.

ही दोन दारे एकाच वेळी ठोठावता येतील असे समजू नये. स्थायिक होण्याचा अर्ज एकदा दाखल झाला, की पाहुण्याचा व्हिसा मिळणे कठीण होते. कारण राहण्याची इच्छा लेखी नोंदली गेलेली असते. उलटपक्षी स्थायी रहिवासाचा हक्क मिळाल्यावर सलग वर्षभराहून अधिक काळ मायदेशी काढल्यास तो हक्क धोक्यात येतो. वर्षातून दोन महिने तिकडे आणि बाकीचे दहा आपल्या वाड्यात, अशी ज्यांची मनीषा आहे, त्यांना पाहुणेपणच सोयीचे.

म्हणून खिडकीमागचा अधिकारी जो प्रश्न विचारतो, तो कुटुंबाने त्याच्याआधी स्वतःला विचारावा: परत यावयाचे आहे की नाही? पुष्कळ घरांत मुले तो संकोचाने टाळतात आणि आईवडील मुलांचे मन राखण्यासाठी टाळतात. मग अर्ज एका इच्छेने भरला जातो आणि मुलाखतीत दुसरीच इच्छा बोलते. हा प्रश्न घरात मोकळेपणाने सुटला, तर कोणते दार ठोठवावे हे आपोआप ठरते, आणि खरे सांगण्यापलीकडे वृद्धांना तेथे काहीच करावे लागत नाही.