चंद्राची बेटे : कोमोरोसचा हिरवा मुलूख आणि लहान बाजार

आफ्रिकेचा बाजार म्हटला की आमच्या कापड व्यापारी बंधूंच्या तोंडी मोंबासा, दारेसलाम आणि फार तर मादागास्कर ही नावे येतात. कोमोरोसचे नाव क्वचितच निघते. मोझांबिक आणि मादागास्कर यांच्यामधील समुद्रात ही बेटे आहेत. अरबीत कमर म्हणजे चंद्र, त्यावरून हे नाव पडले. लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या भिवंडी शहराएवढी. आम्ही काही कापडवाले मिळून हा मुलूख पाहून आलो. व्यापाराच्या दृष्टीने जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

देश तीन बेटांचा आहे : नगाझिजा, न्झवानी आणि मवाली. ६ जुलै १९७५ रोजी फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळाले. चौथे बेट मायोत मात्र फ्रान्सकडेच राहिले. पुढे अनेक वर्षे उठाव आणि सत्तापालट यांतच गेली, त्यामुळे रस्ते, वीज, कारखाने यांची वाढ खुंटली. पण निसर्गाने काही कमी ठेवलेले नाही. नारळ, केळी, फणस, लवंग, व्हॅनिला यांनी डोंगर झाकून गेले आहेत. अत्तराला लागणाऱ्या इलांग-इलांग फुलांच्या तेलात हा देश जगात आघाडीवर आहे. नगाझिजावर कार्थाला हा २,३६१ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी आहे. तेथील जमीन लाव्ह्याची, पाणी धरून ठेवीत नाही. पाऊस भरपूर पडूनही बारमाही नदी नाही, म्हणून लोक टाक्यांत पाणी साठवतात. मवाली सर्वांत लहान आणि सर्वांत शांत. तेथे समुद्री कासवे किनाऱ्यावर अंडी घालण्यास येतात.

राजधानी मोरोनी. तेथील जुन्या जामा मशिदीची सुरुवात १४२७ सालची सांगतात. लोक बहुतेक सर्व सुन्नी शाफई, म्हणजे आमच्या कोकणी बांधवांच्याच मसलकाचे. जेवणही ओळखीचे : भात, मासळी, नारळ. भाषा स्वाहिलीच्या नात्यातली. स्वाहिलीत दुकानाला दुका म्हणतात, तेव्हा आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना फार परके वाटत नाही. कागदपत्रे मात्र फ्रेंचमध्ये चालतात.

कापडाचा विचार करता मुख्य माल लेसो, म्हणजेच कांगा. चारी बाजूंनी किनार, मध्ये छपाई आणि खाली एखादी म्हण. तो जोडीने विकला जातो. न्झवानीच्या बायका शिरोमणी नावाचे लाल छपाईचे वस्त्र पांघरतात. नाव ऐकून आम्ही चकित झालो. खरी विक्री जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा फ्रान्समध्ये राहणारे लोक घरी येतात आणि आंदा, म्हणजे मोठे लग्न, उरकतात. त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे पैसा साठवतात आणि सोने-कापड मुबलक घेतात. माल मे अखेर बंदरात उतरला नाही, तर वर्ष गेले असे समजावे.

मोरोनीच्या वोलो-वोलो बाजारात बहुतेक दुकाने बायका चालवतात. एका दुकानदार बाईने आम्हांला एक लेसो उलगडून दाखवला. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला होता. चिठ्ठी भारताची. पाठविणाऱ्याने नमुना एक दाखवला आणि गाठीत भरला दुसरा. पैसे आगाऊ गेले होते. बाईंनी आमच्याशी वाद घातला नाही, फक्त विचारले की तुमचा नमुनाही असाच आहे काय? आम्ही आमचा तुकडा त्यांच्यासमोर ओला केला आणि पांढऱ्या कापडावर घासून दाखवला. रंग सुटला नाही. तरी त्यांनी ऑर्डर दिली ती अवघी दोनशे जोड्यांची. अशा लहान गावात एका बाईचे नुकसान आठ दिवसांत साऱ्या बाजाराला कळते आणि त्याची किंमत मागून येणाऱ्या प्रत्येक भारतीय व्यापाऱ्याला मोजावी लागते.

ज्यांना हा बाजार करून पाहायचा असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पूर्ण कंटेनरची घाई करू नये. दारेसलामच्या मालाबरोबर थोड्या गाठी पाठवून पाहाव्यात. मोरोनीत मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, माल लहान होड्यांतून उतरतो, म्हणून गाठींना पाणी न शिरेल असे बांधकाम हवे. खोल पाण्याचे बंदर न्झवानीच्या मुत्सामुदूला आहे. तेथील फ्रँकचा भाव युरोशी बांधलेला आहे (एक युरोस सुमारे ४९२ फ्रँक), त्यामुळे दर युरोत ठरवणे सोयीचे. ऑगस्ट २०२४ मध्ये हा देश जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आहे. परतीच्या व्यवहारात लवंग घेता येते, ती भारतात येतेच.

हा बाजार कोणाला गर्भश्रीमंत करणार नाही. परंतु पक्का रंग, पुरे माप आणि नमुन्याबरहुकूम माल देणाऱ्या लहान व्यापाऱ्याला तेथे जागा आहे. आमच्या दोनशे जोड्या गाठीत भरण्यापूर्वी प्रत्येक ताग्याचा तुकडा धुऊन पाहिला जाईल, एवढे आम्ही ठरवले आहे.