पाण्यावरचे हिवाळी पाहुणे

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, पणत्या पुन्हा फडताळात जाऊन बसल्या, की मराठी माणूस थंडीची तयारी करू लागतो. म्हणजे गोधडी काढतो आणि ऊन अंगावर येईपर्यंत तिच्यात पडून राहतो! पहाटे उठून होडीत बसा, असे कुणी सुचवलेच तर तो सुचवणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. परंतु वाचकहो, आपल्या पाण्यावर खरी जत्रा भरते ती नेमकी याच दिवसांत.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरांवर भिगवण लागते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मागे थेट इथवर पसरले. त्या पाण्याखाली गावे गेली, मळे गेले. पळसदेवचे जुने देऊळही गेले. पाणी फार ओसरले की ते वर येते आणि जुनी माणसे दर्शनाला धावतात. हे दुःख कोणत्याही देखाव्याने भरून निघायचे नाही. पण एक नवल मात्र घडले. काठाला पसरट, उथळ पाणी आणि चिखल तयार झाला आणि माणसे उठून गेलेल्या जागी पाखरांनी बिऱ्हाड केले.

उत्तरेकडची तळी थंडीत गोठतात, खाणे मिळेनासे होते, म्हणून हे पाहुणे दक्षिणेची वाट धरतात. त्यांतला पट्टकादंब हा हंस तर तिबेट, मंगोलियाकडचा. डोक्यावर दोन काळे पट्टे, चाल संथ. पण वाटेत हिमालय ओलांडून आलेला गडी! ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर त्याचे उड्डाण नोंदले गेले आहे. त्याच्या रक्ताला विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला ओढून घेता येतो. आपण पर्वती चढताना दोनदा बसतो, ते आठवून त्याला नमस्कार करावा.

कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार पाखरे दाखवायला होडीतून नेतात. होडी घ्यावी ती वल्ह्याची. पाश्चात्त्य देशांत हौशी लोक ऐन थंडीतही 'कयाक' घेऊन निघतात. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी सीलच्या शिकारीसाठी कातडे ताणून बनवलेली ती चिंचोळी नाव. तिचा गुण एकच, ती पाण्याला चिकटून चालते आणि आवाज करीत नाही. शिकाऱ्याने शोधलेली ही युक्ती आज पक्षिमित्रांच्या उपयोगी पडते आहे. आपल्या कोळ्याचे वल्हेही तेच काम करते.

धुके विरू लागते. कवडीसारखा ठिपकेदार खंड्या हवेत एका जागी फडफडत राहतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. मासेमार ऑस्प्रे पकडलेला मासा डोके पुढे करून नेतो, म्हणजे वारा आडवा येत नाही. संस्कृत कवींचा लाडका चक्रवाक काठावर जोडीने उभा असतो. काळ्या अंगाच्या, कपाळी पांढरा टिळा असलेल्या एका पाणपक्ष्याला तर मराठीत 'वारकरी' म्हणतात. हेच पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, म्हणजे वारकरी अगदी योग्य वाटेवर आहेत!

आणि मग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. धरण काठोकाठ भरलेले असताना त्यांचे येथे जमत नाही. पाणी उतरून चिखल उथळ झाला की ते थव्याने उतरतात. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतात आणि त्यातले बारीक जीव खातात. अंगावरचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो.

आता थोडे कानात सांगायचे. छायाचित्रात उडता थवा हवा, म्हणून काही मंडळी इंजिनाची होडी थेट पाखरांत घालायला लावतात. पंख पसरले की गुलाबी रंग फुलतो खरा. पण प्रत्येक उड्डाणाला खाल्लेले अन्न जळते. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी अशी आपल्या हौशीपायी खर्च होते. वारंवार उठवलेला पाहुणा पुढल्या वर्षी येईलच असे नाही. आणि तो आला नाही, तर होडीवाल्याच्या चुलीवरही त्याची झळ पोहोचेल.

म्हणून खूण सांगतो. रोहितांनी चरणे थांबवले, साऱ्या माना ताठ झाल्या आणि थवा एकाच दिशेने चालू लागला, की आपण फार जवळ आलो. तेथेच वल्हे थांबवायला सांगावे. गप्प बसावे. थोड्या वेळाने एकेक मान खाली जाते आणि पाखरे पुन्हा खाऊ लागतात. आपल्यासमोर पाहुणा निर्धास्तपणे जेवतो आहे, यापरता यजमानाला दुसरा आनंद कोणता?

तेव्हा यंदा फराळाचा एक डबा मागे ठेवा, अंगावर मळकट रंगाचा स्वेटर चढवा, तरंगते जाकीट बांधा आणि सूर्योदयाला पाण्यावर हजर राहा. गोधडी काय, दुपारीही घेता येईल!