आधी कर्जाची यादी, मग फेड

मुंबईपाठोपाठ वर्ध्यातही बँक ऑफ इंडियाने ‘अभय’ ट्रस्टमार्फत कर्ज-समुपदेशन केंद्र सुरू केलं. २००६ साली पंतप्रधानांच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या मदत-पॅकेजमध्ये आलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी वर्धा एक. इथे अशा केंद्राची गरज खरीच होती.

अशा केंद्रात सल्ला मोफत मिळतो. समुपदेशक आधी यादी करायला लावतो: बँक, सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, बचत गट, सावकार. मग प्रत्येकाचा व्याजदर. इथेच डोळे उघडतात. सावकाराचे ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते महिन्याचे असतात. ५०,००० रुपयांवर वर्षाला १८,००० व्याज! सात टक्क्यांच्या पीककर्जावर तेच ३,५०० होतं. म्हणून महाग कर्ज आधी फेडायचं. कापूस-सोयाबीनचा पैसा एकदम हाती येतो, तेव्हाच घरखर्च, बियाणं आणि हप्ता वेगळा काढायचा. हप्ता झेपत नसेल तर थकण्याआधीच बँकेत जाऊन कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्ते-मुदत नव्याने ठरवून मागावी. लाजेपायी टाळण्यातच माणूस खोल जातो.

सावकाराकडे परवाना नसेल, तर २०१४च्या सावकारी नियमन कायद्यानुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. कर्जापोटी बळकावलेली जमीनही या कायद्याने परत मिळू शकते.