डेटाशीटचं दशक

ऑक्टोबर २०२५मध्ये बातमी आली की छोट्या कंट्रोलर बोर्डांची आर्डुइनो ही कंपनी चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या ताब्यात जाणार. छंदापायी रोबो बनवणाऱ्या आम्हा लोकांना ती लागली. बोर्ड यापुढेही मिळत राहतील, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती त्या बोर्डाभोवती वीस वर्षांत जमलेल्या शिकण्याच्या सामग्रीची. २००५मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी हा बोर्ड जन्मला. आराखडे, कोड, उदाहरणं सगळं खुलं, म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचलं.

त्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीमोर पॅपर्ट यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक १९८०चं, लेगोचा त्याच नावाचा रोबो-संच १९९८चा. दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर. कॉलेजात ८०५१चा ट्रेनर किट होता. त्यावर हेक्स आकडे टाकायचे, उत्तर जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची. त्यातून रोबो कधीच हलला नाही.

माझं दशक २००५ ते २०१५. २००८मध्ये आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात भरलं आणि शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत रोबो हा गप्पांचा विषय झाला. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत एटीमेगा १६ कंट्रोलर, एल२९३डी मोटर ड्रायव्हर, आयआर सेन्सर सुटे मिळायचे. दुकानदार पार्ट द्यायचा, पण तो वापरायचा कसा हे डेटाशीटलाच विचारावं लागे. शेकडो पानांचं ते इंग्रजी बाड झेरॉक्स करून, स्पायरल लावून हातोहात फिरायचं.

एक उदाहरण त्या काळातल्या प्रत्येकाला आठवेल. एटीमेगा १६च्या पोर्ट सीला मोटर ड्रायव्हर जोडला, की मधल्या चार पिना काही केल्या ऐकायच्या नाहीत. कोड बरोबर, सोल्डरिंग बरोबर, चिप नवी. मग कुणीतरी डेटाशीटमधलं पान काढून दाखवायचा: नव्या चिपमध्ये जेटॅग, म्हणजे चिप तपासण्याची सोय, चालू असतं आणि पीसी२ ते पीसी५ या पिना त्यानं अडवलेल्या असतात. जेटॅगचा फ्यूज बिट बंद केला की चारही पिना मोकळ्या. हे ज्याला एकदा कळलं, तो पुढे प्रत्येक नव्या चिपचं डेटाशीट उघडूनच कामाला बसला. प्रोग्रॅमिंग आम्ही असं शिकलो, अडलेल्या जागेवर बसून.

याच दशकात दोन दिवसांच्या कार्यशाळांचं पीक आलं. त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही. फी घ्यायची, किट द्यायचा, दुसऱ्या संध्याकाळी काळ्या रेघेवरून गाडी पळवून प्रमाणपत्र हातात ठेवायचं. आमच्याकडे आलेल्या एका कंपनीच्या माणसाकडे मुलांनी कोड मागितला, तर त्यानं हेक्स फाइल दिली. हेक्स फाइल चिपमध्ये भरता येते, वाचून त्यातलं काही शिकता येत नाही. पीआयडी म्हणजे काय, केपी वाढवला की गाडी रेघेच्या दोन्ही बाजूंना का झोकांड्या खाते, केडीनं ती का सावरते, यातलं अवाक्षर नाही. शिकण्याची भूक असलेली किती मुलं तिथंच विझली.

याच्या उलट काम आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या उपक्रमानं केलं. फायरबर्ड ५ रोबो, एटीमेगा २५६०, प्रत्येक सेन्सरचा उघडा कोड आणि त्यावर दिलेली कामं. स्पर्धेतून शिकवणं म्हणजे काय ते तिथं दिसलं. स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमानं प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीतही आणले. पण टायमर, इंटरप्ट, पीडब्ल्यूएम हे सगळं आठवीच्या मुलाला मराठीत नीट समजावणारं, हवं तसं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही.

२०१५नंतरची वर्षं भराभर गेली. लेगोनं माइंडस्टॉर्म्स २०२२अखेर बंद केलं. मे २०२५मध्ये आरओएस या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअरच्या नोएटिक या जुन्या आवृत्तीचा आधार संपला, आणि त्यासोबत जुन्या आरओएसवरचे असंख्य धडे एका रात्रीत शिळे झाले. शिकणारा मुलगा धड्यातली कॅटकिन मेकची आज्ञा नव्या आरओएस २मध्ये टाइप करतो, एरर येते, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. त्याला कुणी सांगत नाही की हा धडा जुन्या आवृत्तीचा आहे. आता कोड एआय लिहून देतं. तो बहुतेक वेळा चालतोही. मात्र चालला नाही तर पुढे काय करायचं, हे शिकवणारं साहित्य आटत चाललं आहे.

परवा ओळखीतल्या एका मुलाचा रोबो दोन वीत पुढे जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्यानं एआयकडून कोड पुन्हा पुन्हा बदलून घेतला होता. कोडमध्ये चूक नव्हतीच. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर दोन मोटरी जोडल्या होत्या. त्या सुरू होताच व्होल्टेज कोसळायचं आणि कंट्रोलर रीसेट व्हायचा. त्यानं पाहिलेल्या एकाही व्हिडिओत मोटर फिरत असताना मल्टीमीटर लावून दाखवलेला नव्हता.