बंदुकीच्या दस्त्याला सागवान का नको?

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर लाकूडकामाच्या कुठल्याही गाळ्यात शिरून सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं, असं विचारलं तर बहुतेक एकच उत्तर येईल: सागवान. दार असो, चौकट असो की देव्हारा, मुंबईच्या दमट हवेत सागाने पिढ्यान्‌पिढ्या टिकून दाखवलं आहे. त्यामुळे गावी, कोकणात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसी बंदूक असेल आणि तिचा दस्ता तडकला, तर मनात पहिल्यांदा सागच येतो.

इथे मात्र साग कमी पडतो.

बारा बोअरच्या काडतुसातून साधारण ३० ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटतात. तेवढाच झटका उलट बंदुकीला बसतो. पोलाद मागे येऊ पाहतं, खांदा त्याला अडवतो, आणि मधे सापडतं लाकूड. त्यातही सगळा ताण येतो तो चापामागच्या मानेवर, जिथे हाताची मूठ बसते आणि दस्ता सगळ्यात बारीक असतो. सागाचा टिकाऊपणा वाळवी आणि पाण्याविरुद्धचा आहे. दणक्यापुढे तो ठिसूळ पडतो, रेघेवर चिरतो. त्याच्या अंगातले वाळूसारखे कण पटाशीची धारही लवकर घालवतात.

मग शिसव? ताकदीला शिसव उत्तम, अडचण वजनाची. दस्त्याला एक लिटर आकारमानाचं लाकूड लागतं असं धरलं, तर शिसवाचं वजन ८०० ग्रॅमच्या पुढे जातं, अक्रोडाचं साडेसहाशेच्या आत राहतं. दीडदोनशे ग्रॅम मागच्या टोकाला वाढले की बंदुकीचा तोल जातो आणि नळी उचलताना हात चुकतो.

म्हणून जगभरचे कारागीर शेवटी अक्रोडापाशीच येतात. तो वजनाला मध्यम, चिवट, आणि एकदा नीट वाळला की फारसा हलत नाही. मुठीवरची बारीक चौकडी कोरताना त्याचे टवके उडत नाहीत. भारतात हे लाकूड मुख्यतः काश्मीरचं. श्रीनगरच्या रैनावारीत बंदूक बनवणाऱ्यांचा बंदूक खार मोहल्लाच आहे. काश्मिरीत खार म्हणजे लोहार. तिथे अक्रोडाचं झाड मालकालाही मनाला येईल तसं तोडता येत नाही, त्याला १९६९ पासून कायद्याचं संरक्षण आहे. चांगला ठोकळा महाग पडतो, त्यामागे हेही एक कारण.

पण नुसता अक्रोड म्हणून भागत नाही. ठोकळ्यावर ओलं फडकं फिरवलं की दडलेल्या रेघा वर येतात, आणि खरी निवड तेव्हा होते. गिऱ्हाइकाची नजर हमखास मागच्या रुंद भागातल्या नागमोडी नक्षीवर जाते. कारागिराने पाहावी ती मान. तिथल्या रेघा मानेच्या लांबीबरोबर सरळ जायला हव्यात. एखादी तिरपी होऊन कडेला बाहेर पडत असेल, तर चीर तिथूनच सुरू होणार. मग नक्षी कितीही देखणी असो, तो ठोकळा बाजूला ठेवावा. मानेत गाठ असेल तर दुसरा विचारच नको.

पुढचा प्रश्न वाळवण्याचा. इंचभर जाडीला वर्षभर सावलीतली हवा, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. घाईने वाळवलेलं लाकूड आतून ओलं राहतं, आणि पोलादावर घट्ट बसवलेला दस्ता पुढे आकसून सैल होतो. सैल दस्त्यात प्रत्येक बाराला पोलाद एकाच कोपऱ्यावर आदळतं आणि तो कोपरा फुटतो. पावसाळ्यात याच्या उलट घडतं. जुलैत दार फुगून चौकटीत अडकतं, तसाच दस्ताही फुगतो. लाकूड लांबीला जवळपास वाढत नाही, रुंदीला वाढतं.

दस्ता बदलायचा तर काम ओळखीच्या सुताराकडे देता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. मालकाच्या हातात राहते ती निगा. दस्त्याच्या मागच्या टोकाला पट्टी असते आणि तिच्याखालचं लाकूड अनेकदा कोरंच राहून गेलेलं असतं. रेघांची उघडी तोंडं तिथे असल्याने ओल सगळ्यात आधी तिथूनच आत शिरते. पावसाळ्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती पट्टी काढावी आणि लाकूड पिईल तेवढं जवसाचं तेल त्याला बोटाने चोळावं.